उशिरा येणाऱ्या उत्तराची चाचणी

संगणकाकडून करून घ्यावयाच्या कामांचे, ती केव्हा पुरी होतात या दृष्टीने, दोन वर्ग पडतात. दोन संख्यांची बेरीज करणे किंवा नावांची यादी वर्णानुक्रमे लावणे ही कामे आज्ञा होताच तेथल्या तेथे पार पडतात आणि त्यांचे उत्तर पुढच्या ओळीला तयार मिळते. दूरच्या सर्व्हरकडून माहिती मागविणे, साठवणीतील फाइल वाचणे, पाच सेकंदांनी पडद्यावर एखादी सूचना दाखविणे ही कामे तशी नाहीत. त्यांत आज्ञा देण्याचा क्षण आणि उत्तर हाती येण्याचा क्षण यांच्यामध्ये काळ जातो. तेवढा वेळ संगणकाने हात बांधून बसून राहणे परवडणारे नसते. म्हणून आज्ञावली आपली मागणी बाहेर धाडते, उत्तर आल्यावर काय करावयाचे याची नोंद करून ठेवते आणि दरम्यान दुसऱ्या कामाला लागते. या रचनेला असमकालिक रचना म्हणतात.

पूर्वी बँकेत धनादेश दिला की खातेदाराच्या हाती पितळेचा एक बिल्ला पडत असे. बिल्ला म्हणजे पैसे नव्हेत. पण पैसे मिळावयाचे आहेत याची ती खूण असे, आणि क्रमांक पुकारला जाईपर्यंत खातेदार बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसू शके. असमकालिक आज्ञावलीतही मागणी करताच असाच एक बिल्ला हाती येतो. त्याला प्रोग्रॅमर ‘प्रॉमिस’ म्हणतात. आपण त्याला ‘वचन’ म्हणू. बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्यूबा श्रीरा यांनी १९८८ साली या नावाने ही कल्पना आपल्या निबंधात मांडली होती. पुढे सी-शार्प या भाषेत २०१२ साली, पायथॉनमध्ये २०१५ साली आणि जावास्क्रिप्टच्या प्रमाणित रूपात २०१७ साली ‘अवेट’ हा शब्द आला. एखाद्या वचनापुढे तो लिहिला की आज्ञावलीचा तेवढा भाग उत्तर येईपर्यंत तेथेच थांबतो आणि इतर भागांना वाट करून देतो. त्यामुळे असमकालिक लेखन साध्या लेखनासारखे सरळ वाचता येऊ लागले. ही सोय मोठीच होय. परंतु दोन ओळींच्या मध्ये काळ दडलेला आहे याचा लेखकाला विसर पडणेही तितकेच सोपे झाले. चाचणी लिहिताना या विसराची किंमत मोजावी लागते.

बदली घटक

आज्ञावलीचा एखादा लहान भाग इतरांपासून सुटा करून तपासण्याच्या पद्धतीस घटक-चाचणी म्हणतात. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली जावा भाषेसाठी ‘जे-युनिट’ हे साधन तयार केले, तेव्हापासून या पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला. अशा चाचण्या दिवसातून शंभर वेळा चालवावयाच्या असतात. तेव्हा त्या सेकंदाच्या लहानशा अंशात पुऱ्या व्हाव्या लागतात आणि सारखे कारण असता सारखाच निकाल देणाऱ्या असाव्या लागतात. दूरचा सर्व्हर या दोन्ही अटींत बसत नाही. तो कधी सावकाश बोलतो, कधी बंद असतो, आणि कालचे उत्तर आज देईलच असे नाही. म्हणून चाचणीपुरता त्याच्या जागी दुसरा कोणी तरी उभा करावा लागतो. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन व फिलिप क्रेग यांनी २००० साली एका निबंधात अशा प्रतिनिधींना ‘मॉक’ हे नाव दिले. जेरार्ड मेसॅरोस यांनी आपल्या २००७ सालच्या ग्रंथात त्यांची वर्गवारी केली आणि सर्वांना मिळून एक सामान्य नाव दिले. ते त्यांनी चित्रपटांतून उचलले, जेथे नायकाऐवजी गच्चीवरून उडी टाकणारा माणूस निराळा असतो. आपल्याकडे त्याला ‘डुप्लिकेट’ म्हणतात. गिरणीत कायमचा कामगार गैरहजर असला की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राहत असे. तो शब्द मला येथे अधिक समर्पक वाटतो. यापुढे आपण ‘बदली घटक’ असेच म्हणू.

साध्या कामाच्या बदली घटकाकडून एवढीच अपेक्षा असते की विचारताच त्याने ठरलेले उत्तर द्यावे. असमकालिक कामाच्या बदली घटकाकडून याहून अधिक मागावे लागते. खऱ्या सर्व्हरच्या उत्तराला आशय असतो, तशी वेळही असते. आणि बहुतेक वेळा दोष आशयात नसून वेळेत असतो. ज्या बदली घटकाने आशयाची नक्कल केली पण वेळेची केली नाही, त्याच्या आधारावर लिहिलेली चाचणी नेमक्या त्याच दोषाविषयी आंधळी राहते. या प्रकरणाचा विषय हाच आहे.

उत्तरापूर्वी संपणारी चाचणी

प्रथम एका ढोबळ पण फार आढळणाऱ्या प्रकाराचा निकाल लावून टाकू. समजा, चाचणीत आपण बदली सर्व्हरकडे मागणी केली आणि नोंद करून ठेवली की उत्तर आल्यावर त्यात पाच नावे आहेत की नाहीत ते पाहावे. एवढे करून चाचणीचे फंक्शन संपले. चाचण्या चालविणारे साधन फंक्शन संपण्याचीच वाट पाहत असते; मध्यंतरी कोठे तक्रार झाली नाही असे पाहून ते ‘उत्तीर्ण’ असा शेरा मारते. पाच नावांची तपासणी अद्याप झालेलीच नसते. ती नंतर केव्हा तरी होते, अथवा होतही नाही. आणि तेव्हा पाचाऐवजी शून्य नावे निघाली तरी ती तक्रार ऐकावयास कोणी उरलेले नसते. जावास्क्रिप्टमध्ये चाचणीने आपले वचन साधनाच्या हाती परत दिले नाही, किंवा त्याच्यापुढे ‘अवेट’ लिहिले नाही, की हा प्रकार घडतो.

पायथॉनमध्ये त्याचे रूप याहून विचित्र आहे. त्या भाषेत असमकालिक फंक्शनला नुसती हाक मारली तर त्याची एकही ओळ चालत नाही. केवळ ‘कोरूटीन’ नावाची एक वस्तू तयार होते आणि तिची कोणी वाट पाहिली तरच आतले काम सुरू होते. चाचणीच असमकालिक लिहिली आणि ती जुन्या, साध्या चाचणी-वर्गात ठेवली, तर साधन तिला हाक मारते, वस्तू तयार होते, तिची वाट कोणीच पाहत नाही, आणि चाचणी उत्तीर्ण होते. पडद्यावर एक इशारा उमटतो खरा, पण शेकडो ओळींच्या गर्दीत तो वाचतो कोण? २०१९ साली आलेल्या पायथॉनच्या ३.८ या आवृत्तीत असमकालिक चाचण्यांसाठी स्वतंत्र वर्ग मिळाला; तो वापरला तर ही फसगत टळते.

यावर एक उपाय असा की चाचणीत एकंदर किती तपासण्या व्हावयास हव्यात हे आरंभीच सांगून ठेवावे. ‘जेस्ट’ या साधनात तशी सोय आहे. परंतु कोणत्याही भाषेत चालणारा उपाय त्याहून साधा आहे. नवी चाचणी उत्तीर्ण होताच अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकीचे लिहावे, पाचाच्या जागी सहा, आणि चाचणी पुन्हा चालवावी. ती नापास झाली नाही तर ती काहीच तपासत नाही. या कामास अर्धे मिनिट लागते, आणि तरीही ते क्वचितच केले जाते.

उत्तर हातात धरून ठेवणे

आता अधिक सूक्ष्म प्रकाराकडे वळू. रेल्वे-स्थानकांची नावे शोधण्याची एक पेटी पडद्यावर आहे असे धरू. वापरणाऱ्याने दोनचार अक्षरे लिहिली की आज्ञावली ती सर्व्हरकडे पाठविते आणि परत आलेली नावे पेटीखाली दाखविते. प्रवाशाने ‘को’ लिहिले. पहिली मागणी गेली. त्याने लगेच पुढची अक्षरे लिहून ‘कोल्लम’ हा शब्द पुरा केला. दुसरी मागणी गेली. ‘को’ने सुरू होणारी नावे पुष्कळ: कोटा, कोरापुट, कोल्हापूर, कोलकाता, कोल्लम. ती शोधावयास सर्व्हरला अधिक वेळ लागला. ‘कोल्लम’चे उत्तर आधी आले आणि पडद्यावर एकच नाव दिसले, तसेच ते दिसावयास हवे होते. क्षणभराने रेंगाळलेले पहिले उत्तर येऊन पोचले आणि त्याने कोल्लम पुसून पाचही नावांची यादी तेथे मांडली. पेटीत एक शब्द, खाली दुसऱ्याच शब्दाचे उत्तर. प्रवाशाने न पाहता पहिल्या नावावर बोट ठेवले तर केरळला निघालेल्या माणसाच्या तिकिटावर राजस्थानचे कोटा येणार.

दुरुस्ती कठीण नाही. प्रत्येक मागणीला अनुक्रमांक द्यावा आणि उत्तर आल्यावर त्याचा क्रमांक शेवटच्या मागणीचा असेल तरच ते दाखवावे. प्रश्न असा की ही दुरुस्ती खरोखर झाली आहे याची खातरजमा करणारी चाचणी कशी लिहावी.

सर्वांना प्रथम सुचणारी चाचणी अशी. बदली सर्व्हर ‘को’साठी पाच नावे व ‘कोल्लम’साठी एक नाव ताबडतोब देतो. चाचणी आधी ‘को’ लिहिते, मग ‘कोल्लम’ लिहिते, आणि शेवटी पडद्यावर एकच नाव आहे असे पाहते. ती उत्तीर्ण होते. परंतु अनुक्रमांकाची दुरुस्ती काढून टाकली तरीही ती उत्तीर्णच होते! कारण बदली सर्व्हर ज्या क्रमाने प्रश्न येतील त्याच क्रमाने उत्तरे देतो, आणि त्या क्रमात दोष उद्भवतच नाही. आशय हुबेहूब आहे. वेळ खोटी आहे.

काहीजण मग बदली घटकात खरा विलंब घालतात: पहिल्या उत्तरास दोनशे मिलिसेकंद, दुसऱ्यास पन्नास. क्रम उलटतो हे खरे. पण चाचणीचा निकाल आता घड्याळावर आणि त्या क्षणी यंत्रावर असलेल्या कामाच्या भारावर अवलंबून राहतो. लेखकाच्या टेबलावर ती शंभर वेळा उत्तीर्ण होते आणि इतर पन्नास कामे चालू असलेल्या सामाईक यंत्रावर कधी तरी नापास होते. अशा लहरी चाचण्यांचा अभ्यास इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. ५१ मुक्तस्रोत प्रकल्पांतील २०१ दुरुस्त्या त्यांनी पाहिल्या. ज्यांचे कारण नेमके ठरविता आले अशा १६१ प्रकरणांपैकी सुमारे ४५ टक्के प्रकरणांत मूळ एकच होते: असमकालिक कामाचे उत्तर येण्याची योग्य प्रकारे वाट न पाहणे, आणि त्याचे नेहमीचे रूप म्हणजे ‘एवढ्या वेळात येईलच’ असा अंदाज. लहरी चाचणीचा खरा तोटा तिने वाया घालविलेल्या वेळात नाही. ती नापास झाली की लोक ‘पुन्हा चालवून पाहा’ म्हणू लागतात. आणि एकदा ही सवय जडली की खरा दोष दाखविणाऱ्या चाचणीलाही तेच उत्तर मिळते.

योग्य मार्ग असा की उत्तर केव्हा द्यावयाचे हे घड्याळावर न सोडता चाचणीने आपल्या हातात ठेवावे. बदली सर्व्हर मागणी येताच फक्त बिल्ला देतो. बिल्ल्यामागची तिजोरी उघडण्याची किल्ली चाचणीपाशी राहते. पायथॉनमध्ये ‘फ्यूचर’ या वस्तूत आपण हवे तेव्हा उत्तर भरू शकतो. जावास्क्रिप्टमध्ये वचन आणि ते पुरे करण्याची किल्ली एकत्र देणारी सोय २०२४ च्या प्रमाणात समाविष्ट झाली; त्यापूर्वीही चारपाच ओळींत ती हाताने करता येत असे. आता चाचणी अशी होईल. ‘को’ लिहा, पहिला बिल्ला. ‘कोल्लम’ लिहा, दुसरा बिल्ला. आधी दुसरे वचन पुरे करा आणि पडद्यावर कोल्लम दिसते का ते पाहा. मग पहिले वचन पुरे करा आणि पडदा जसाच्या तसा आहे का ते पाहा. येथे कोठेही मिलिसेकंद नाहीत. दुरुस्ती काढून टाकली तर ही चाचणी दर वेळी, कोणत्याही यंत्रावर, नापास होते.

या शेवटच्या पायरीत एक खाचखळगा आहे, आणि तो अनुभवी माणसालाही चकवितो. वचन पुरे केले म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेला भाग त्याच क्षणी चालतो असे नाही. असमकालिक आज्ञावलीत सर्व तयार कामे एका रांगेत उभी असतात आणि चालू काम थांबल्यावर पुढचे काम आत घेतले जाते. या फेऱ्याला ‘इव्हेंट लूप’ म्हणतात. चाचणी स्वतः त्या घटकेला आत असते. तिने पहिले वचन पुरे करून लागलीच पडदा पाहिला, तर रेंगाळलेले उत्तर अजून रांगेतच असते. पडदा अर्थातच बदललेला नसतो, आणि चाचणी दोष असूनही उत्तीर्ण होते. ‘काहीतरी घडले’ हे तपासणाऱ्या चाचणीत अशी घाई लगेच उघडी पडते, कारण ते घडलेले दिसत नाही. ‘काहीही घडले नाही’ हे तपासणाऱ्या चाचणीत घाई आणि यश यांचा चेहरा सारखाच असतो. म्हणून तपासण्यापूर्वी रांगेला पुढे सरकू दिले पाहिजे. किती फेऱ्या? मध्ये जितके ‘अवेट’ असतील त्यांवर ते अवलंबून आहे, आणि फेऱ्या मोजून लिहिलेली चाचणी आतल्या रचनेत एक ओळ वाढताच मोडते. याहून बरे असे की शोधपेटीचे फंक्शन स्वतःच एक वचन परत देईल, आणि ते वचन त्या मागणीचे सारे काम आटोपल्यावरच पुरे होईल. चाचणीने त्याची वाट पाहावी आणि मग पडदा पाहावा. चाचणीच्या सोयीसाठी मूळ रचनेत केलेला हा बदल काहींना पटत नाही. मला तो रास्त वाटतो. ज्या कामाचा शेवट बाहेरून कळू शकत नाही ते काम इतर कोणालाही नीट वापरता येत नाही.

क्रमाचा दोष चुकीचे स्थानक दाखविण्यापुरताच असतो असे नाही. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडातील अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या संस्थेने तयार केले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत व कॅनडात या यंत्राकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग पोचला आणि त्यांपैकी काही दगावले. टेक्सास राज्यातील टायलर येथे मार्च व एप्रिल १९८६ मध्ये घडलेल्या दोन अपघातांचे कारण पुढे सापडले. उपचाराचा प्रकार लिहिताना चुकीचे अक्षर पडले तर यंत्रचालक ते मागे जाऊन दुरुस्त करीत असे. त्या वेळी यंत्रातील चुंबके जागेवर बसविण्याचे काम दुसरीकडे चालू असे आणि त्याला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत दुरुस्ती पुरी झाली तर ती पडद्यावर दिसे, पण यंत्र जुळविणाऱ्या भागाला तिचा पत्ताच नसे. सावकाश लिहिणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता. तो सरावलेल्या, भराभर लिहिणाऱ्या हातांनाच सापडे. रुग्णालयातील भौतिकीतज्ज्ञ व यंत्रचालक यांनी तीच कृती त्याच वेगाने पुनःपुन्हा करून तो उघडकीस आणला. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. आज्ञावलीच्या सुट्या घटकांची चाचणी फार थोडी झाली होती आणि सारा भर संपूर्ण यंत्राच्या चाचणीवर होता, असे त्यात म्हटले आहे. अर्थात केवळ घटक-चाचण्यांच्या अभावी हे घडले असे म्हणता येणार नाही. आधीच्या नमुन्यात असलेले यांत्रिक अडसर या नमुन्यात काढून टाकले होते, हेही तितकेच गंभीर कारण होते. परंतु आठ सेकंदांचे ते काम ज्या चाचणीच्या हातात धरून ठेवलेले असते, तिला हा दोष दाखविण्यासाठी कोणाच्याही बोटांच्या वेगाची गरज पडली नसती.

नकार, मौन आणि घड्याळ

खरा सर्व्हर तीन प्रकारे वागतो: उत्तर देतो, नकार देतो किंवा गप्प बसतो. बदली घटक लिहिणाऱ्यांचा ओढा पहिल्याकडे असतो. नकाराची चाचणी सोपी आहे. बिल्ल्यात उत्तराऐवजी तक्रार भरावी आणि आज्ञावली ती नीट हाताळते का ते पाहावे. मौनाची चाचणी मात्र बहुधा राहूनच जाते. वचन कधीच पुरे झाले नाही तर? आज्ञावलीने काही मर्यादेनंतर आशा सोडली पाहिजे, आणि ही मर्यादा दहा सेकंदांची असेल तर चाचणीने दहा सेकंद ताटकळत बसणे व्यवहार्य नाही.

येथे घड्याळाचीच बदली करावी लागते. ‘सायनन’ व ‘जेस्ट’ या साधनांत कृत्रिम घड्याळ मिळते. ते आपण सांगू तेव्हा व तितकेच पुढे सरकते. समजा, मागणी फसल्यास एका सेकंदाने पुन्हा करावी, मग दोन सेकंदांनी, मग चार सेकंदांनी, असा नियम आहे. खऱ्या घड्याळाने ही चाचणी सात सेकंद घेईल. कृत्रिम घड्याळाने ती क्षणात होते, शिवाय अधिक काटेकोर होते: ९९९ मिलिसेकंद पुढे सरका, दुसरी मागणी गेलेली नसावी, आणखी एक मिलिसेकंद सरका, ती गेलेली असावी.

तथापि घड्याळ आणि रांग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. पहिली मागणी फसविल्यावर ती तक्रार रांगेतून आज्ञावलीपर्यंत पोचावयाची असते, आणि पोचल्यावरच ती एका सेकंदाचा गजर लावते. चाचणीने तक्रार भरून लगेच घड्याळ हजार मिलिसेकंद पुढे ढकलले, तर तोवर गजर लावलेलाच नसतो. तो नंतर लागतो, म्हणजे कृत्रिम काळातील दुसऱ्या सेकंदासाठी; चाचणी दुसऱ्या मागणीची वाट पाहत राहते आणि ती येत नाही. आज्ञावली निर्दोष, तरीही चाचणी अडते. पुढे सरकताना मध्येच रांगेलाही वाट देणारी घड्याळाची असमकालिक आवृत्ती ‘सायनन’मध्ये याचसाठी आहे, आणि वचने असलेल्या आज्ञावलीत तीच वापरावी.

हाक मारणे आणि वाट पाहणे

बदली घटकाचा आणखी एक उपयोग साक्षीदार म्हणून होतो. त्याला किती वेळा व कोणत्या शब्दांत हाक मारली गेली हे तो सांगू शकतो. असमकालिक कामाच्या बाबतीत ही साक्ष अपुरी आहे. नोंद साठविणाऱ्या फंक्शनला आज्ञावलीने हाक मारली, पण ‘अवेट’ लिहावयाचे राहून गेले, असे समजा. पायथॉनमध्ये अशा वेळी आतली एकही ओळ चालत नाही. नोंद साठविली जात नाही. जावास्क्रिप्टमध्ये काम सुरू होते, परंतु ते पुरे होण्यापूर्वीच ‘नोंद साठविली’ असे जाहीर होते आणि ते फसले तर त्याची दाद आज्ञावलीच्या त्या भागाला लागत नाही. बदली घटकाला मात्र हाक ऐकू आलेली असते, आणि तो तशी प्रामाणिक साक्ष देतो.

पायथॉनच्या ३.८ पूर्वीच्या आवृत्त्यांत नेहमीच्या मॉकची वाट पाहताच येत नसे. तेव्हा असमकालिक मॉक ज्याचा त्याने हाताने घडवावा लागे. त्या आवृत्तीत ‘अ‍ॅसिंकमॉक’ आला आणि त्याच्याबरोबर साक्षीचे दोन स्वतंत्र प्रश्नही आले: ‘असर्ट कॉल्ड’ म्हणजे हाक मारली का, आणि ‘असर्ट अवेटेड’ म्हणजे वाट पाहिली का. पुष्कळ चाचण्या जुन्या सवयीने पहिलाच प्रश्न विचारतात. दुसरा प्रश्न विचारावा. त्यात पहिल्याचे उत्तर आपोआप येते.

बदली घटक फार उदार असणे हेही धोक्याचे असते. मूळ घटकाचा नमुना न देता तयार केलेला मॉक कोणत्याही नावाची हाक निमूटपणे स्वीकारतो, मग ते नाव मूळ घटकात नसले तरी. म्हणून त्याला मूळ घटकाच्या नमुन्यावरून घडवावे. पायथॉनमध्ये तसे केल्यास मूळ फंक्शन असमकालिक असले की बदलीही आपोआप असमकालिक होते, आणि एक विसर कमी होतो.

बदली घटक कोठे उभा करावा

शेवटचा प्रश्न जागेचा. जाळ्यावरून मागणी पाठविणारी लायब्ररी इतरांनी लिहिलेली असते. तिची थेट नक्कल करू गेल्यास तिचे सर्व बारकावे आपल्याला ठाऊक आहेत असे गृहीत धरावे लागते, आणि ते सहसा नसतात. स्टीव्ह फ्रीमन व नॅट प्राइस यांनी २००९ सालच्या आपल्या पुस्तकात असा सल्ला दिला आहे की ज्या घटकाचे स्वरूप आपल्या अखत्यारीत आहे त्याचीच बदली करावी. आपल्या उदाहरणात ‘अक्षरे द्या, स्थानकांची यादी मिळवा’ एवढेच काम करणारा एक पातळ थर आपण लिहावा. शोधपेटी त्या थराशी बोलेल आणि थर लायब्ररीशी. चाचणीत बदली होईल ती थराची.

त्या थरापलीकडे काय आहे याविषयी मात्र या साऱ्या चाचण्या काहीच सांगू शकत नाहीत. एकही स्थानक न सापडल्यास सर्व्हर रिकामी यादी पाठवितो असे आपण धरले, आणि प्रत्यक्षात तो मजकुराशिवायच कोरे उत्तर पाठवीत असला, तर बदली घटक आपला समज तेवढा पढविल्याप्रमाणे म्हणून दाखवील. यासाठी काही थोड्या चाचण्या अशा लिहाव्यात की त्या बदली थरावरही चालतील आणि खऱ्या सर्व्हरशी जोडलेल्या थरावरही चालतील: ‘को’ दिल्यावर यादी येते, अर्थहीन अक्षरे दिल्यावर रिकामी यादी येते, बंद सर्व्हरकडे मागणी केल्यावर ठरलेली तक्रार येते. खऱ्या सर्व्हरवरची फेरी दर वेळी न करता दिवसातून एकदा केली तरी पुरते. ती नापास झाली तर बदली घटकातील उत्तर त्याच दिवशी बदलावे, कारण तोवर त्याच्यावर विसंबलेल्या बाकीच्या साऱ्या चाचण्या अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरशी बोलत असतात.